बारदानासकट वजन

माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २४.३ आहे. उंची १५७ सेंटिमीटर, वजन ६० किलो. १.५७ चा वर्ग २.४६५, त्याने साठाला भागलं की हा आकडा. नवी मुंबईतल्या महाप्याच्या आमच्या ऑफिसात दरवर्षी तपासणी होते आणि अहवाल मोबाइलवर येतो. यंदा या आकड्याशेजारी हिरवा ठिपका होता. नॉर्मल. त्याच आठवड्यात खोकल्याचं औषध आणायला कोपरखैरण्यातल्या आमच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यात २४.३ पिवळ्या पट्ट्यात. वजन जास्त. महापे ते कोपरखैरणे हे अंतर केवढं? तेवढ्यात मी नॉर्मलची जाडी झाले होते.

दोन्ही तक्ते बरोबर आहेत, ही यातली गंमत. ऑफिसवाल्यांचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा. त्यात १८.५ ते २४.९ ठीक, २५ पासून पुढे वजन जास्त आणि ३० पासून लठ्ठपणा. डॉक्टरांचा तक्ता भारतीयांसाठीचा. त्यात २३ लाच वजन जास्त आणि २५ ला लठ्ठपणा. म्हणजे माझ्या उंचीच्या बाईने एका हिशेबाने साडेएकसष्ट किलोपर्यंत निश्चिंत असावं आणि दुसऱ्या हिशेबाने साडेछप्पनच्या आतच थांबावं. मधले पाच किलो कुणाचे, हा प्रश्न मला गप्प बसू देईना. मी मापाड्याची मुलगी आहे.

आबा मापाडी होते. आधी मस्जिद बंदरला आणि बाजार इकडे हलल्यावर वाशीच्या दाणा मार्केटात. माथाडी पोतं आणून काट्यावर टाकतो, मापाडी वजन पुकारतो आणि दलालाचा मेहता ते लिहून घेतो. त्या एका पुकाऱ्यावर विकणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे, दोघांचे पैसे ठरतात. त्यामुळे आबांना कुणी नुसतं वजन सांगितलेलं चालत नसे. घरात कुणी म्हणालं, "तांदूळ दहा किलो आणलाय," तरी त्यांचा प्रश्न ठरलेला: "बारदानासकट का बारदान सोडून?" बारदान म्हणजे रिकामं पोतं. ते तागाचं आहे की प्लॅस्टिकचं, कोरडं आहे की पावसात भिजलेलं, यावर बारदानाचं वजन बदलतं. माल ओला असेल तर तो हिशेब आणखी वेगळा. काटा खोटं बोलत नाही, पण आत काय आहे तेही तो सांगत नाही.

बीएमआय हे असं बारदानासकटचं वजन आहे. हाडं, स्नायू, पाणी, चरबी, सकाळचे पोहे, सगळं एकत्र काट्यावर. त्यातला माल कोणता आणि बारदान कोणतं, याचा निकाल मात्र मला अजून लावता आलेला नाही.

हे सूत्र काढणारा माणूस डॉक्टर नव्हता. अडॉल्फ केतले. १७९६ साली गेंट शहरात जन्मलेला, ब्रसेल्सला वेधशाळा उभारणारा बेल्जियन खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या जागा मोजताना प्रत्येक निरीक्षणात थोडी चूक येते आणि खूप निरीक्षणांची सरासरी काढली की खरी जागा सापडते, हे त्याला ठाऊक होतं. तीच रीत त्याने माणसांना लावली. स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं, लग्नाची वयं, गुन्हे, मृत्यू, सगळ्यांच्या सरासऱ्या काढून त्याला 'सरासरी माणूस' उभा करायचा होता. त्या शोधात त्याला दिसलं की वाढ पूर्ण झालेल्या माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १८३५ च्या त्याच्या ग्रंथात हे आहे. कोण लठ्ठ आणि कोण आजारी, याच्याशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. त्याला माणसांचा ढीग समजून घ्यायचा होता, ढिगातला एखादा दाणा नव्हे.

मग वजनाचा संबंध आयुष्याशी कुणी जोडला? विमा कंपन्यांनी. ज्यांचा धंदाच माणूस कधी मरेल यावर चालतो त्यांनी हे आधी ओळखलं, यात नवल नाही. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफने १९४३ साली उंचीप्रमाणे आदर्श वजनांचे तक्ते काढले आणि ते कित्येक वर्षं दवाखान्यांच्या भिंतींवर टांगलेले होते. त्यांत अंगकाठीचे तीन प्रकार असत: बारीक, मध्यम, थोराड. कोण थोराड हे कसं ठरवायचं, ते नीटसं कुणी सांगितलेलं नव्हतं. ती भानगड मिटवावी म्हणून मिनेसोटाचे संशोधक अँसेल कीज पुढे आले. त्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मापं घेऊन वेगवेगळी सूत्रं ताडून पाहिली आणि १९७२ साली केतलेच्या जुन्या सूत्राला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिलं. हे सूत्र फार उत्तम आहे असा त्यांचाही दावा नव्हता, फक्त बाकीच्यांपेक्षा वाईट नाही एवढंच. त्या पाच देशांत अमेरिका, फिनलंड, इटली, जपान आणि दक्षिण आफ्रिका होते. भारत नव्हता. बाईही एक नव्हती.

आणि २५ ची रेघ? तीही दगडावरची नाही. अमेरिकेत १९९८ पर्यंत पुरुषांसाठी २७.८ आणि बायकांसाठी २७.३ च्या पुढे वजन जास्त धरत. त्या वर्षी रेघ २५ वर आणली गेली. कोट्यवधी अमेरिकन माणसं रात्री नॉर्मल झोपली आणि एक घासही जास्त न खाता सकाळी जाडी म्हणून उठली. तेव्हा मी एकटी नाही.

हा आकडा कसा फसतो आणि मग कसा खरा ठरतो, ते मी आमच्याच गल्लीत पाहिलंय. तात्या आबांच्या टोळीतले. पाटण तालुक्यातून आबांच्याच मागोमाग मुंबईला आलेले. तेव्हा पोतं शंभर किलोचं असे, पन्नासचं पुढे झालं. तात्या पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकवर चढत, तेव्हा त्यांच्या पोटऱ्यांकडे आम्ही मुलं बघत राहायचो. उंची १६८, वजन ८२. बीएमआय २९.१, म्हणजे आपल्याकडच्या तक्त्यात सरळ लठ्ठ. पण पोट आत गेलेलं, खांदे दाराएवढे. कुठल्याशा विमा कंपनीने वजनावरून त्यांचा हप्ता वाढवला, तेव्हा आबा तिच्या एजंटला म्हणाले होते, "तुमचा साहेब एकदा मार्केटात पाठवा, तात्यांच्या बरोबरीनं दहा पोती उचलू दे."

आता तात्या घरी बसून बारा-तेरा वर्षं झाली. वजन अजून ८२ च्या आगेमागे. बीएमआय तोच, २९.१. पण खांदे ओघळले, मांड्या सुकल्या आणि पोट लुंगीवर आलं. काम थांबलं तसे स्नायू आटत गेले, चरबी साठत गेली. काट्याने यातलं काहीच पाहिलं नाही. आता साखरेची गोळी सुरू आहे. जो आकडा त्यांच्या बाबतीत वीस वर्षं चुकीचा होता, तो एक किलोचाही फरक न पडता बरोबर ठरला.

उलट बाजूचा माणूस माझ्या ऑफिसात बसतो. तिशीतला, उंची १७०, वजन ६३. बीएमआय २१.८, दोन्ही तक्त्यांत हिरवा. आम्ही त्याला काडी म्हणायचो. त्याची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ निघाली. ५.७ पासून ६.४ पर्यंत मधुमेहाच्या उंबरठ्यावर समजतात. "मी कुठे जाडा आहे?" असं तो सगळ्यांना विचारत फिरत होता. शर्ट बाहेर काढून घालायची त्याची सवय, त्यामुळे हातापायांच्या मानाने पुढे आलेलं पोट कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. कंबर ९४ सेंटिमीटर भरली.

या काडीचं कोडं जगापुढे मांडलं ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी, आणि तेही स्वतःचंच शरीर पुढे करून. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघंही डॉक्टर, दोघंही सडसडीत आणि दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. खाली अंगातल्या चरबीचं प्रमाण दिलेलं: युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. दुपटीहून जास्त. वैद्यकाच्या नियतकालिकात इतकं बोलकं आणि इतकं खेळकर काही मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. एक माणूस आपल्या पोटावरची चरबी पुरावा म्हणून जगासमोर ठेवतो, याला धैर्य लागतं. मराठी घरात तर फार लागतं.

फोटो हे टोक झालं, त्याच्यामागचं काम कितीतरी मोठं आहे. १९९३ पासून याज्ञिकांची माणसं पुण्याजवळच्या सहा गावांत बायकांची मापं घेत होती, दिवस जायच्या आधीपासून. या बायका शेतात राबणाऱ्या, सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पावणेतीन किलोचं बाळ लुकडंच असणार, असं कुणीही म्हणेल. पण टेप आणि चिमटा घेऊन मोजलं तेव्हा दिसलं की बाळाचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, आणि पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकीच राखलेली. बारीक दिसणारं, पण चरबी बाळगणारं बाळ. आईच्या पोटात जेमतेम मिळतंय म्हटल्यावर शरीराने स्नायूंवर काटकसर केली आणि चरबीची पुंजी तेवढी हातची सोडली नाही.

हे वाचलं त्या रात्री मला आमच्या पाटणकडच्या बायका आठवत राहिल्या. सगळ्यांत शेवटी, उरलेलं जेवणाऱ्या. त्यांचीच पोरं पुढे माथाड्यांच्या टोळ्यांमागे नवी मुंबईत आली, नातवंडं महापे-ऐरोलीच्या वातानुकूलित काचांमागे बसली. जेमतेम मिळणार या अंदाजाने घडलेलं शरीर आणि समोर दुपारी चारला वडापाव, सहाला कॉफी, रात्री अकराला घरपोच बिर्याणी. कातडीखाली साठवायची जागा भरली की चरबी पोटात, यकृतात जाऊन बसते आणि तिथून साखरेचा कारभार बिघडवते. म्हणून आपल्याकडे २३ ला घंटा वाजते. २००४ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवले, २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी २३ आणि २५ ठरवले. मधल्या त्या पाच किलोंचा जाब मागायचा तर तो असा थेट आजी-पणजीच्या ताटापर्यंत जातो.

सरकारी मोजणी मात्र अजून २५ च्या रेघेवर चालते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या २४ टक्के बायका आणि २२.९ टक्के पुरुष २५ किंवा त्यापुढे होते. मी त्यांत धरलेली नसणार. त्याच पाहणीत १८.७ टक्के बायका साडेअठराच्याही खाली निघाल्या, हे आपल्या गप्पांत कुणी काढत नाही. एकाच देशात, कधी एकाच घरात, सासू रेघेच्या वर आणि कामाला येणारी बाई रेघेच्या खाली.

आईची तऱ्हा आणखी निराळी. तिचं वजन गेली कित्येक वर्षं पन्नास. पूर्वी उंची १५२ होती, तेव्हा बीएमआय २१.६. आता मणके दबले, पाठीला बाक आला, उंची १४७. बीएमआय २३.१. वजन काडीचंही न वाढता ती पिवळ्या पट्ट्यात आली! तपासणीच्या शिबिरात एका उत्साही मुलीने तिला भात बंद करायला सांगितलं. आईने आठवडाभर भात सोडला आणि चिडचिड धरली. खरं तर या वयात वजन कमी करण्यापेक्षा अंगातली ताकद टिकवणं महत्त्वाचं. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठता येतंय का, डाळ-दूध-अंडं पोटात जातंय का, हे बघायचं. पुरत्या वाढलेल्या उंचीसाठीचं सूत्र उतरत्या उंचीला लावलं की असं होतं. मी तिला भात वाढला. वर तूपही. (डॉक्टरांना विचारून, नाहीतर आबा रागावले असते.)

लोकांची वजनाबद्दल बोलायची पद्धत तर या आकड्यापेक्षा कितीतरी निष्ठुर. लग्नाआधी "जरा अंगाने भर", लग्नानंतर "चांगलीच मानवलीस की", बाळंतपणानंतर "सुटलीस गं", आणि चाळिशीत वजन उतरलं तर कुजबुज, "सगळं ठीक आहे ना घरी?" बीएमआयचं एक मला आवडतं: तो कुजबुजत नाही. उंची नि वजन एवढंच विचारतो, गोरी की सावळी विचारत नाही, पगार विचारत नाही. कोट्यवधी लोकांना वजनकाटा आणि भिंतीवरची पट्टी एवढ्यावर मोजता येतं, सुई लागत नाही, यंत्र लागत नाही. गावोगाव मोजायचं तर याहून स्वस्त काही नाही. म्हणून त्याला मोडीत काढा म्हणणाऱ्यांच्या गटात मी नाही. एखाद्याचा ३५ निघाला तर "माझी हाडंच जड" हे उत्तर शंभरातल्या नव्याण्णवांना लागू पडत नाही. जिममधल्या पहिलवानाचं उदाहरण फेकणारे बहुतेक जण पहिलवान नसतात.

भांडण आहे ते मधल्या पट्ट्याचं, वीस ते तीसमधल्या आपल्यासारख्यांचं. तिथे हा एकटा आकडा न्यायाधीश करून चालत नाही, हे आता मोठ्या लोकांनीही मान्य केलंय. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सांगितलं की नुसत्या बीएमआयवरून कुणाला लठ्ठपणाचा आजार आहे असं ठरवू नका. कंबर मोजा किंवा चरबी मोजा, आणि त्या चरबीने अवयवांना, रोजच्या हिंडण्याफिरण्याला काही बाध आलाय का ते बघा. त्याच महिन्यात दिल्लीतल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतीय व्याख्याही नवी आली. तिच्यात २३ च्या पुढे आणि अजून काही बिघडलेलं नाही तो पहिला टप्पा, बिघडलेलं असेल तो दुसरा. म्हणजे या ताज्या हिशेबाने मी लठ्ठपणाच्या पहिल्या टप्प्यात! हिरवा ठिपका, पिवळा पट्टा, आता हे. वजन अजून साठच.

त्यात २०२५ सालीच वजन उतरवणारी आठवड्याची इंजेक्शनं आपल्याकडे आली, मार्चमध्ये माउंजारो आणि जूनमध्ये वेगोवी. सोसायटीच्या ग्रुपवर पापडाच्या ऑर्डरींच्या मध्ये त्यांची चौकशी चालते. कंपनीच्या माहितीपत्रकात ती द्यायची अट बीएमआयचीच आहे: ३० किंवा अधिक, किंवा २७ आणि सोबत वजनामुळे जडलेला एखादा आजार. शेजारणीचा २६.४ आहे आणि २७ व्हायला किती खावं लागेल, असं तिने मला विचारलं. मी हसले, पण ती पुरती थट्टेत नव्हती.

डॉक्टरांनी मला जे सांगितलं ते फारच साधं होतं. साखर, रक्तदाब, चरबीचे अहवाल ठीक आहेत. पाच टक्के वजन उतरलं तरी साखरेला आणि रक्तदाबाला बरं पडतं. माझे पाच टक्के म्हणजे तीन किलो. मग मी ५७ आणि बीएमआय २३.१, म्हणजे तरीही रेघेच्या जरा वरच. "त्या पॉइंट एकसाठी जीव टाकू नका," ते म्हणाले, "कंबर मोजत जा." बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत, पुरुषांची ९० च्या आत. किंवा त्याहून सोपं, उंचीच्या निम्म्याहून कमी. माझ्या उंचीचे निम्मे साडेअठ्ठ्याहत्तर. माझी कंबर ८१.

शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि खरा घोळ तिथे सुरू झाला, कारण कंबर कुठे असते यावर आमच्या गल्लीत एकमत नाही. मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्यावर, श्वास सोडल्यावर, टेप न आवळता. आई परकराची नाडी बांधायच्या जागी टेप धरते, ती जागा हाडाच्याही खाली जाते. जाऊबाई श्वास आत ओढून उभ्या राहतात आणि तसंच बोलायचा प्रयत्न करतात. निसर्ग उद्यानात सकाळी चालायला येणाऱ्या पुरुषांपैकी तर एकालाही आपली कंबर माहीत नाही, त्यांना पँटचा नंबर माहीत आहे. पँट पोटाखालून घालतात. तात्या परवा ठासून सांगत होते, "माझी कंबर लग्नात चौतीस होती, आजबी चौतीसच हाय." मी टेप लावली. १०३ सेंटिमीटर. तात्यांनी टेप माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि आबांना हाक मारली, "मापाडी, जरा या इकडं. पोरीची टेप तपासा."